यंदा माझाच नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार

नेव्ह क्रॅडॉकने सकाळी रेडिओवर जाहीर केलं. आमदारकी सोडतोय. हिवाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पोटनिवडणूक. कारण काय, तर कुटुंबाला वेळ द्यायचा आहे. कुटुंबाला हे आधी सांगितलं होतं का, कोण जाणे.

म्हणजे आता माझा नंबर. यात गर्व वगैरे काही नाही, सरळ हिशेब आहे. अडतीस वर्षं पक्षात. बावीस वर्षं शाखेचा सचिव. एकही मीटिंग चुकवली नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर उशी पोटाशी धरून इतिवृत्त वाचलं होतं. शिवाय नेव्हने स्वतः शब्द दिलेला आहे. एका ख्रिसमसच्या पार्टीत खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, केल, माझ्यानंतर तूच.

बायकोला आठवण करून दिली. ग्लेनिस म्हणाली, हेच तो लॉन कापायला येणाऱ्यालाही म्हणाला होता. ग्लेनिसला राजकारण कळत नाही.

ठराव: रोज सकाळी तळ्यापर्यंत चालायचं. पोट कमी करायचं. मीटिंगमध्ये आवाज चढवायचा नाही. सूचक मी, अनुमोदक मी. एकमताने मंजूर.

११ फेब्रुवारी, बुधवार

शाखेची मीटिंग. नेहमीप्रमाणे बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत.

पूर्वी आम्ही आठ-दहा जण असायचो. इतिवृत्त, हिशेब, निधीसाठी मांसाच्या ट्रेची सोडत, संपलं. सोडतीत कुणाला चॉप्स मिळाले यावरून थोडी वादावादी, तीही प्रेमाची. क्लॅरी मज आमचा खजिनदार. वय ब्याऐंशी. मीटिंगभर झोपतो, पण मतदान आलं की डोळे न उघडता हात वर करतो आणि कधी चुकीच्या बाजूला करत नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत.

गेल्या वर्षापासून हे नवे लोक आलेत. त्यांची म्होरकी इमोजेन साबो. तिशीतली पोरगी, भाडेकरूंच्या संघटनेत काम करते, सायकलवरून येते आणि हेल्मेट टेबलावर ठेवते, जिथे अडतीस वर्षं चहाचा ट्रे असायचा तिथे. आधी कुठल्या तरी नदीसाठी झाडाला बांधून घेऊन बसली होती म्हणे. आता आमच्या पक्षात येऊन आम्हालाच विचारते, पक्ष नक्की कुणाच्या बाजूचा आहे. आम्ही इतकी वर्षं आहोत. आम्ही कधी विचारलं का?

आज तिने ठराव आणला. घरभाडं किती वाढवायचं यावर मर्यादा घाला, अशी मागणी शाखेने सरकारकडे करावी. सरकार आमच्याच पक्षाचं आहे हे बाईंना माहीत असावं. मी शांतपणे सांगितलं, ठराव सात दिवस आधी लेखी लागतो. ती म्हणाली, तुम्हाला दहा दिवस आधी ईमेल केला होता. मी म्हणालो, लेखी म्हणजे कागदावर. तिने पिशवीतून कागद काढला. मी म्हणालो, मग सात दिवस आजपासून. मागून कुणी तरी म्हणालं, काका, तुम्ही हे स्वतःच्या मनाने ठरवताय का?

आवाज चढवला नाही. मग चढवला. क्लॅरी दचकला आणि त्याने हात वर केला.

आज तळ्यापर्यंत जाणं झालं नाही. दक्षिणेचा वारा फार होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सिडनीला पक्षाच्या मुख्यालयात फोन केला. तिथे डार्सी व्हेलन नावाचा उपसचिव आहे. वय सत्तावीस. माझे बूट त्याच्यापेक्षा जुने आहेत. पण पोरगा हुशार. चार वेळा मेसेज ठेवल्यावर पाचव्यांदा स्वतः उचलला, चुकून का होईना.

उमेदवारीचा विषय काढला. तो म्हणाला, तुमच्यासारख्यांच्या जिवावरच तर पक्ष उभा आहे, केन. म्हणाला, तुमच्या भागाबद्दल आमच्या डोक्यात काही तरी आहे, निर्धास्त राहा. याहून स्पष्ट मुख्यालय कधी बोलत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

मला केन म्हणाला, कारण लाइन खराब होती.

१४ मार्च, शनिवार

ग्लेनिस दुपारी चर्चच्या हॉलमध्ये इमोजेनच्या भाडेकरूंच्या सभेला गेली. सूप घेऊन गेली, वर.

प्रकरण असं. ग्लेनिसची विधवा बहीण मॉरीन वॉरावाँगला भाड्याने राहते. घरमालकाने आठवड्याचं भाडं एकदम इतकं वाढवलं की तिने गॅरेजमध्ये राहायला जायचं ठरवलं होतं, आमच्या. मी नेव्हच्या ऑफिसला दोन पत्रं लिहिली होती. पक्षाच्या लेटरहेडवर. उत्तर यायचंय. मध्यंतरी इमोजेन मॉरीनला घेऊन ट्रायब्युनलसमोर गेली आणि वाढ रद्द करून आली.

ग्लेनिस म्हणाली, बघ, तुझ्याच पक्षाच्या पोरीने केलं. मी म्हणालो, केलं ते ठीक, पण हे काम योग्य मार्गाने व्हायला हवं होतं. ती म्हणाली, योग्य मार्गावर मॉरीन तुझ्या गॅरेजमध्ये पोचली असती.

नेव्हच्या ऑफिसला तिसरं पत्र लिहायला घेतलं. मॉरीनचा प्रश्न सुटला असल्यामुळे काय लिहावं ते सुचेना.

४ एप्रिल

सूट काढून पाहिला. बटण लागत नाही. हल्ली ड्राय-क्लीनिंगमध्ये कापड आटवतात.

२९ एप्रिल, बुधवार

तेरा मेच्या मीटिंगमध्ये शाखेचे सदस्य मतदान करून उमेदवार निवडणार. मी विरुद्ध इमोजेन. हे असं समोरासमोर यायला नको होतं. कुणी तरी तिला समजवायला हवं होतं की बाई, रांग असते.

आज क्लॅरीच्या घरी बसून माणसं मोजली. जुने सगळे माझे. नव्यांतलेही दोन-तीन वळतील, कारण एकाला मी पार्किंगची जागा दाखवली होती. तरी काठावरची गोष्ट. पण माझ्याकडे युक्ती आहे. कंटाळा आणायचा. आधी आलेली सगळी पत्रं वाचायची, सगळी, मग मागच्या तीन मीटिंगची इतिवृत्तं, मग हिशेब, मग क्लबच्या छताचा प्रश्न. मतदान शेवटी. नव्या लोकांना पोरंबाळं आहेत, पहाटेच्या नोकऱ्या आहेत. तासाभरात चुळबुळ करतील, दोन तासांत खोली रिकामी. आमच्या लोकांना कुठे जायचंय?

क्लॅरी म्हणाला, नेव्हचे वडील असंच करायचे. म्हणजे परंपरा आहे.

१३ मे, बुधवार

सविस्तर लिहायची ताकद नाही.

पत्रं वाचली. पाणीपुरवठा खात्याचं परिपत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. नवे लोक पोरांना घेऊनच आले होते. पोरं कोपऱ्यात स्लीपिंग बॅगमध्ये निजली. बायकांनी विणकाम काढलं. इमोजेनने थर्मास काढला आणि मलाही कप भरून दिला, घसा बसलाय म्हणून.

छताच्या प्रश्नावर आलो तेव्हा आमच्यातला एक जण उठला. मग दुसरा. क्लबचं किचन आठला बंद होतं आणि बुधवारी रोस्टचा स्पेशल असतो. म्हणाले, केल, खाऊन येतो, तू चालू ठेव. मी चालू ठेवलं. मला थांबता येईना, कारण थांबलो असतो तर मतदान घ्यावं लागलं असतं. शेवटी अध्यक्षांनीच हातातला कागद काढून घेतला आणि मतदान पुकारलं. त्या वेळी आमचे बहुतेक सगळे पलीकडच्या हॉलमध्ये रोस्टचं कुरकुरीत क्रॅकलिंग चावत होते. मध्ये एक दार होतं फक्त.

निकाल इतिवृत्तात आहे. इथे परत लिहीत नाही.

मांसाचा ट्रेही इमोजेनलाच लागला. ती मांस खात नाही. तिने तो क्लॅरीला दिला आणि क्लॅरीने घेतला.

१४ मे

शांतपणे विचार केला तर हा नैतिकदृष्ट्या माझाच विजय आहे. खोलीत नसलेल्यांची मतं धरली तर.

सकाळी चाललो नाही. पाय दुखत होते. दोन तास उभा होतो.

२२ मे, शुक्रवार

बातमी! डार्सीचा फोन. मुख्यालयाने आमच्या शाखेचं मतदान रद्द केलंय. म्हणाला, स्थानिक प्रक्रियेत काही उणिवा राहिल्या, त्यामुळे उमेदवार आता वरूनच ठरेल. मी विचारलं, कुणाला ठरवताय. तो म्हणाला, ज्याला इथली माणसं ओळखतात, जो लढवय्या आहे, पोलादी आहे, आणि ज्याने इथले रंग अंगावर घेतलेत असा माणूस. उद्या जाहीर करू, तोवर गुप्त ठेवा.

मी दुसरं काही विचारलं नाही. विचारायला राहिलं काय? तेवीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली. रंग म्हणाल तर पक्षाचा मफलर अजून खुंटीला आहे.

ग्लेनिसला सांगितलं नाही, फक्त म्हणालो की उद्या जरा चांगली तयारी ठेव, माणसं येतील. तिने लॅमिंग्टन केक केले. सूट घालून पाहिला. श्वास धरला की बटण लागतं.

इमोजेनबद्दल वाईट वाटलं. तिला काही तरी पद द्यायला हवं. मोठ्या मनाने वागायचं ठरवलं आहे.

२३ मे, शनिवार

ब्रोडी व्हान्स.

रग्बी लीगचा माजी खेळाडू. सिडनीत समुद्राकाठी राहतो. आमच्या टीमकडून दोन मोसम खेळला होता, त्यातला एक दुखापतीत गेला. इथले रंग म्हणजे जर्सीचे रंग. पक्षात यायला त्याला तीन आठवडे झालेत, आणि तेही फोनवरून.

बातमी रेडिओवर ऐकली. सूट घालून. ग्लेनिसने लॅमिंग्टनवर झाकण ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

३१ मे

थंड डोक्याने: मुख्यालयाकडे माहिती असते जी आपल्याकडे नसते. पाहण्या असतात. व्हान्स निवडून आला तर त्याला इथली खडान्खडा माहिती असलेला माणूस हाताशी लागेल. म्हणजे खरा आमदार कोण? विचार केला तर हे आधीपेक्षा चांगलं झालं.

ठराव: निष्ठा. सूचक मी, अनुमोदक मी.

९ जून, मंगळवार

व्हान्सला दिवसभर गाडीतून मतदारसंघ दाखवला. माणूस वाईट नाही. भेटेल त्याला लेजंड म्हणतो. मला लेजंड, पेट्रोल भरणाऱ्याला लेजंड, आमच्या मांजरालाही लेजंड. तळं बघून म्हणाला, वा, समुद्र छान आहे. मी सांगितलं, ते तळं आहे, समुद्र मागच्या बाजूला. तो म्हणाला, दोन्ही आहेत, भारीच.

कारखान्याच्या फाटकापाशी जुन्या मित्रांनी घेरलं. त्यांनी विचारलं, दुसरी भट्टी बंद होणार त्याचं काय. व्हान्सने मागे माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं तर डार्सीने पाठवलेल्या पोरीने सांगितलं की उमेदवाराच्या वतीने फक्त तीच बोलेल. ती म्हणाली की पक्ष भविष्याकडे बघतोय. माझा मित्र म्हणाला, आम्ही शुक्रवारच्या पाळीकडे बघतोय.

पेट्रोल माझं.

१७ जून, बुधवार

संध्याकाळी इमोजेन घरी आली. ग्लेनिसने तिला थेट स्वयंपाकघरात बसवलं, स्कोन दिले. मी टीव्ही बघत असल्यासारखा बसलो. टीव्ही बंद होता हे नंतर लक्षात आलं.

ती म्हणाली, केल्विन, त्यांनी माझी मतं फेकली तशी तुमचीही फेकली. तुम्ही दोन तास ते पाण्याचं परिपत्रक वाचलंत तेही फेकलं. म्हणाली, मी पक्ष सोडतेय, अपक्ष उभी राहतेय, इथल्या लोकांनी मला निवडलं होतं म्हणून. तुम्ही बरोबर या. तुमच्याइतकी माणसं इथे कुणाला माहीत नाहीत.

मी म्हणालो, बघा, शेवटी बाहेरचे ते बाहेरचे. मनासारखं झालं नाही की चालले. आम्ही नाही जात. ती चिडली नाही. तिने विचारलं, का नाही जात? टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग सांगितलं. कधी कुणाला सांगत नाही. ब्याऐंशी साली कारखान्याने वडिलांना काढलं, त्यांच्याबरोबर हजारोंना. वडील तीन दिवस पडवीत बसून होते. तिसऱ्या दिवशी शाखेची माणसं आली. बटाट्याचं पोतं आणि कोंबडी घेऊन आली. वडिलांना म्हणाली, उठ रे बाबा, मोर्चाला माणसं कमी पडतायत. वडील उठले. मी दारात उभा होतो. त्या दिवशी ठरवलं, ही माणसं माझी. मी मेलो तरी माझी.

इमोजेनने हातातला स्कोन बशीत ठेवला. मग म्हणाली, ते बटाटे पक्षाने नव्हते आणले, केल्विन. माणसांनी आणले होते. मी म्हणालो, माणसं पक्षाचीच होती. ती म्हणाली, होती.

ती गेल्यावर उरलेले स्कोन मी संपवले.

२ जुलै, गुरुवार

मुख्यालयाचं पत्रक सर्व शाखा सचिवांना. अधिकृत उमेदवाराविरुद्ध कुणीही काम केलं, बूथवर मत कसं द्यायचं याचं साधं कार्ड जरी वाटलं, तर सदस्यत्व आपोआप रद्द. चौकशी नाही, सुनावणी नाही. योग्यच नियम आहे. मीटिंगमध्ये खणखणीत आवाजात वाचून दाखवला. ऐकायला क्लॅरी होता. नवे सगळे राजीनामा देऊन गेले. जुन्यांतलेही बरेच म्हणाले की गुडघे दुखतात, पण त्यांच्या कुंपणावर इमोजेनचे बोर्ड लागलेत. गुडघे दुखताना बोर्ड कसे ठोकले ते विचारलं नाही.

घरी आलो तर आमच्याही कुंपणावर बोर्ड. इमोजेनचा. ग्लेनिसने लावला होता. मी तिला पत्रक दाखवलं, म्हणालो, तुझं सदस्यत्व जाईल. ती म्हणाली, मी सदस्य कधी होते? मी म्हणालो, म्हणजे काय, अठ्ठ्याऐंशीपासून दर निवडणुकीला सँडविच तूच करतेस. ती म्हणाली, हो, सँडविच करते. फॉर्म तू कधी आणलास?

खरंच आणला नव्हता. राहून गेलं.

कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला मी व्हान्सचा बोर्ड लावला. आता पोस्टमन आमच्याकडे बघून हसतो.

१९ जुलै

व्हान्सची पत्रकं घरोघर टाकली. डावा गुडघा. मदतीला पोरं येणार होती सिडनीहून, आली नाहीत. एका घरी कुत्रा. एका घरी बाई म्हणाली, केल, तुला बघून वाईट वाटतं रे. मी म्हणालो, लोकांचा प्रतिसाद उत्तम आहे, हे तिला नाही, डार्सीच्या फोनवर. तो फोन उचलत नाही म्हणून मेसेजमध्ये.

थकलोय. ही नोंद कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार थकलोय.

१ ऑगस्ट, शनिवार. मतदान

सकाळी सातपासून प्राथमिक शाळेच्या फाटकापाशी उभा. व्हान्सचा टीशर्ट स्वेटरवर चढवलेला, कारण त्यांनी एकाच मापाचे पाठवले होते. बारा पावलांवर, म्हणजे फाटकाच्या दुसऱ्या खांबाशी, ग्लेनिस. तिच्या हातात इमोजेनची कार्डं. आम्ही एकाच गाडीतून आलो, एकाच थर्मासचा चहा प्यायलो. येणाऱ्यांना मी एका बाजूने म्हणायचो, व्हान्स, पक्षाचा उमेदवार. ती दुसऱ्या बाजूने म्हणायची, इमोजेन, इथलीच आहे. बहुतेकांनी दोघांचंही कार्ड घेतलं. एक जण म्हणाला, तुमच्या घरात जेवण कोण वाढतं?

शाळेसाठी पैसे जमवणारा पालकांचा सॉसेजचा स्टॉल जोरात. कांदा मात्र कच्चा.

दुपारी ग्लेनिसला आत शाळेच्या टॉयलेटला जायचं होतं. तिने गठ्ठा माझ्या हातात दिला, म्हणाली, धर जरा. मी धरला. बूथवरची ही जुनी रीत आहे. बाहेर काय भांडायचं ते भांडा, फाटकाशी समोरच्याची कार्डं सांभाळायची. सत्त्याण्णव साली विरोधी पक्षाच्या माणसाने माझी कार्डं अर्धा तास सांभाळली होती आणि स्वतःचा सॉसेजही दिला होता. हे ज्याला कळत नाही त्याने बूथवर उभं राहू नये.

तेवढ्यात एक म्हातारी वॉकर ढकलत आली. म्हणाली, ज्या पोरीने आमच्या बिल्डिंगची भाडेवाढ थांबवली तिचं कार्ड द्या. माझ्या हातात होतं. नाही कसं म्हणणार? दिलं. तिच्यामागच्या दोघांनी हात पुढे केले, त्यांनाही दिलं. व्हान्सचंही दिलं प्रत्येकाला, वरती. ते त्यांनी सॉसेज धरायला वापरलं.

मुख्यालयाकडून आलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने फोटो काढला. आज दिवसभरात माझा पहिला फोटो. दोन्ही गठ्ठे छातीशी धरून नीट उभा राहिलो आणि हसलो. न्यूजलेटरमध्ये येईल. बूथवरचा जुना शिलेदार असं काही तरी खाली लिहावं म्हणून मी त्याला माझ्या नावाचं, केल्विन थर्गुडचं, स्पेलिंगही सांगितलं.

२ ऑगस्ट, रविवार

इमोजेन आमदार. आमच्या बूथवर व्हान्स तिसरा.

कारणं: वारा. कच्चा कांदा. टीशर्टचं माप. डार्सीला सविस्तर टिपण पाठवतो.

व्हान्स रात्रीच सिडनीला परत गेला. जाताना मेसेज केला, थँक्स लेजंड.

इमोजेनने विजयाच्या भाषणात ग्लेनिसचं नाव घेतलं. आणि म्हणाली, फाटकाशी आपल्या विरोधात दिवसभर उभा राहून ज्याने आमची कार्डं वाऱ्यावर उडू दिली नाहीत त्यालाही धन्यवाद. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी घरीच होतो. ग्लेनिस सांगत होती आणि मी भांडी पुसत होतो. बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

११ ऑगस्ट, मंगळवार

मुख्यालयाचा ईमेल, शाखा सचिवाच्या पत्त्यावर. म्हणजे मला. मतदानाच्या दिवशी सदस्य के. थर्गुड विरोधी उमेदवाराची कार्डं वाटताना दिसले, फोटो सोबत जोडला आहे. दोन जुलैच्या पत्रकानुसार त्यांचं सदस्यत्व रद्द झालं आहे. शाखा सचिवाने सदस्याला लेखी कळवावं, नाव यादीतून काढावं, आणि कार्यवाही पूर्ण झाल्याचं मुख्यालयाला कळवावं.

फोटोत चांगला दिसतोय मी. नावाचं स्पेलिंगही बरोबर आहे.

डार्सीला फोन लावला. तो आता पक्षात नाही. एका गॅस कंपनीत गेला, गेल्या सोमवारपासून. नवीन पोरगा आलाय. त्याला सगळं समजावलं, बूथची रीत, ग्लेनिस, टॉयलेट, सत्त्याण्णव सालचा सॉसेज. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आम्ही सदस्यांशी थेट बोलत नाही, तुमच्या शाखा सचिवाला फोन करायला सांगा. मी म्हणालो, मीच शाखा सचिव. तो म्हणाला, मग तुम्हाला पद्धत माहीतच आहे.

१२ ऑगस्ट, बुधवार

शाखेची मीटिंग. अपील शाखेमार्फत करता येतं, पण त्याला गणसंख्या लागते. क्लॅरी आणि मी. बावीस वर्षं गणसंख्येच्या नियमावर मी लोकांना घरी पाठवलंय, आता स्वतःसाठी वाकवणार कसा? क्लॅरी म्हणाला, आपण दोघं पुरे की. मी म्हणालो, नियम आहे. तो म्हणाला, मग मी काय करू? मी म्हणालो, रोस्ट खा. आम्ही दोघांनी रोस्ट खाल्लं.

१५ ऑगस्ट, शनिवार

ग्लेनिस म्हणाली, लिहूच नकोस ते पत्र. नाही लिहिलंस तर कुणाला कळणारही नाही, तिथे कोण बसलंय तुझी वाट बघत. इमोजेनचाही फोन आला. म्हणाली, मी पेपरात लिहिते की ती नुसती सभ्यता होती. मी नको म्हणालो. आमदार झाल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. तिने विचारलं, तुम्ही कसे आहात. मी म्हणालो, मजेत.

दुपारी पत्र टाइप केलं. कुणाच्याही बाबतीत केलं असतं तसंच, शब्द कमी नाही, जास्त नाही. खाली आपला बंधू, शाखा सचिव, असं लिहून सही केली. यादीतलं नाव पट्टी धरून खोडलं.

असं पत्र टपालाने पाठवत नाहीत, समक्ष द्यायचं असतं. आणि देताना सदस्याला त्याची बाजू मांडायची संधी द्यायची असते. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून पत्र उघडलं, वाचलं आणि संधी दिली. बराच वेळ दिली. ग्लेनिसने दिवा लावला तोवर दिली.

सदस्याने काही सांगितलं नाही.